अर्धा कोयता

राजेश्रीच्या सरांनी पहिल्याच तासाला काम सांगितलं. तुमी कोण, कुठले, अन् ह्या प्रोग्रामिंगच्या कोर्सातून तुम्हाला काय पायजे, त्याचा मोबाईलवर व्हिडिओ करून पाठवा. मग काय, पोरगी आरशासमोरून हलंना. मी ब्लाऊज शिवायले होते, तर म्हणती कशी, "मामी, मशीन बंद करा की, आवाज यायलाय." माझ्याच घरात माझीच मशीन बंद! पण केली. ही माझ्या नणंदेची, कडूबाईअक्काची लेक. पाथरीकडच्या खेड्यातली. बारावी झाल्यापासून परभणीला माझ्याकडं राहून कॉम्प्युटर शिकायली.

व्हिडिओत ती पुस्तकी बोलली, टीव्हीवरल्या बाईवाणी. "माझे आई-बाबा दरवर्षी ऊस तोडायला जातात. मीही लहानपणापासून फडात राहिले. आईच्या बरोबरीनं मोळ्या बांधते, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. गाडी कधी येईल याचा नेम नसतो. आली की झोपेतून उठून ऊस भरावा लागतो. मला असा प्रोग्राम लिहायचाय, की गाडी कारखान्यातून निघाली की आईच्या फोनवर कळेल. म्हणजे तोवर तिला निवांत झोपता येईल."

माझे डोळे भरून आले अन् मी तिलाच रागावले. "घरातलं एवढं सगळं कशाला सांगायलीस गं लोकाला?"

"सर म्हणले, खरं सांगा."

बरं बाई, सांग!

दसऱ्याच्या तोंडावर अक्काची कंबर धरली. वजन उचलायचं न्हाई, म्हणले डॉक्टर. आता ऊसतोडीत माणूस एकटं मोजत न्हाईत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, त्याला टोळीत कोण घेतंय? राजेश्रीच्या बाबांनी, लिंबाजी दाजींनी, टोळी नेणाऱ्या महारुद्र मुकादमाला शब्द देऊन ठेवलेला. ते त्याच्या घरी गेले, म्हणले, यंदा माझी जोडीच न्हाई, मला सोडा. मुकादम हळहळला. चहा पाजला. बघतो म्हणला.

तिथून गुमान उठून यायचं का न्हाई? पण दाजींच्या मोबाईलात लेकीचा तो व्हिडिओ होता, अन् त्याचं कौतुक एवढं, की बसच्या कंडक्टरलाबी दाखवायचे. मुकादमालाबी दाखवला. त्यानं पुरा ऐकला अन् मांडीवर थाप मारली. "आरं लिंबाजी, मग रडतोस कशाला? पोरगी सोताच म्हणायलीय, आईच्या बरोबरीनं मोळ्या बांधते. तुझा कोयता पुरा हाय की!"

आता दाजींनी काय, लेक खोटं बोलायलीय म्हणायचं?

दाजी माझ्या दारात येऊन उभे राहिले तवा मी काही बोलायचं ठेवलं न्हाई. "दाजी, तुमच्या त्या मोबाईलला आग लागो! पोरीचं कॉलेज मोडायला निघालात व्हय?"

"होळीपर्यंतच हाय, वैनी. मग येईल की माघारी."

"अन् होळीपर्यंत सर काय तिची वाट बघत बसतील?"

दाजींचा रागबी यायचा अन् कीवबी. राजेश्री भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती भांडली न्हाई. कॉलेजचा ड्रेस घडी घालून माझ्या मशिनीवर ठेवला अन् एवढंच इचारलं, "बाबा, फडात रेंज असती का?"

"असती की. बांधावर गेलं की येती."

टोळी गेली अन् सरांचा निरोप आला, व्हिडिओतला तुझा विषय लय आवडला, पुढच्या बाकावर बसत जा. तो तिनं बांधावरून मला पाठवला.

अक्काला औषधपाण्यासाठी मी माझ्याकडं आणलंय. राजेश्रीच्याच बाजेवर असती. काल दुपारी पोरीचा फोन आला.

"मामी, आई काय करायलीय?"

मी बाजेकडं बघितलं. "झोपलीय गं. उठवू का?"

"नगं, नगं. झोपू द्या." मागं कुणीतरी तिच्या नावानं वरडलं. "ठेवते मामी, गाडी आली."