प्रस्थानाची पिशवी

फोन आला तेव्हा मी गुहागरच्या समुद्रावर मुलांच्या पायांची वाळू धूत होते. इंदूरहून सोनीभाभी बोलत होत्या, आमच्या दोन घरं पलीकडच्या शेजारीण. "भाभी, मांजी दरवाजा नहीं खोल रही हैं..." एवढंच म्हणाल्या आणि रडायला लागल्या. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, झोपेतच गेल्या होत्या. परतीच्या वाटेवर माझा नवरा, सुहास, गाडी चालवत होता. मी मागे, दोन मुलांच्या मधे बसून, त्याच्या शेजारच्या पुढच्या सीटकडे बघत होते. त्या सीटवर मुलांचा टब होता.

आईंनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, पण त्यांचं खरं कसब गाडीची डिक्की भरण्यात होतं. लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासात मी, पुण्याची शहाणी, बॅगा भराभर कोंबत होते. त्यांनी सगळ्या खाली उतरवल्या. "अगं, बच्चे लोकांना भूक लागली की पूरी डिक्की खाली करत बसशील का? जे पहिले लागेल ते शेवटी ठेव." तेव्हा आम्हाला मुलं नव्हती. मी मनातल्या मनात हसले होते. पुढे इरा झाली, मग नील झाला, आणि घाटात कुणी भडाभडा ओकलं की लिंबू, पाणी आणि बदलायचा फ्रॉक बरोब्बर हाताशी सापडायला लागला. हसणं बंद झालं, पण सूचनांचा कंटाळा मात्र गेला नाही.

या वेळी मी मुलांसाठी दोन बेबी सीट घेतल्या होत्या. त्या मागे लावल्या, मधल्या फटीत मी बसणार होते. पुढची सीट मोकळी होती. तिथे आई बसू शकल्या असत्या. पण डायपर, टब, नीलची शी-शूची खुर्ची, खाऊची टोपली, असं सगळं मी तिथे रचून टाकलं. "आई, येता का?" असं सुहासनं विचारलं नाही, मीही नाही. उलट मीच परस्पर म्हणाले, "तुमच्या गुडघ्यांना एवढा प्रवास कुठला झेपायला." त्या "हो ना" म्हणाल्या. मला हायसं वाटलं... खोटं कशाला बोलू.

निघायचा शनिवार आईंना पसंत नव्हता. मग त्यांनी गुरुवारीच प्रस्थान ठेवलं. चांगल्या दिवशी सामानातली एखादी पिशवी शेजारी नेऊन ठेवायची, म्हणजे प्रवास त्या दिवशीच सुरू झाला असं धरतात. निघताना ती उचलून पुढे जायचं. पिशवीत सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ आणि प्रत्येकाचं एक कापड. "जो जाणार त्याचंच कापड ठेवायचं," असं सांगून त्यांनी माझ्याकडून ओढणी मागून घेतली आणि पिशवी सोनीभाभींकडे ठेवून आल्या.

शनिवारी नेहमीसारखी धांदल उडाली. इराची बाहुली सापडेना, नील सीटमध्ये बसेना. आईंनी सगळ्यांच्या तळहातावर दही दिलं. मग गाडीचं पुढचं दार उघडून त्या टोपलीकडे जरा वेळ बघत राहिल्या, आणि सामानाला सीटबेल्ट लावला. "ब्रेक मारला तर पडायला नको," म्हणाल्या. आम्ही निघालो, ते प्रस्थान न उचलताच. मानपूरच्या घाटात आठवलं. सुहास म्हणाला, "परत फिरू?" नीलचा नुकताच डोळा लागला होता. मी म्हटलं, "वेडा आहेस का?" फोनवर आई रागावल्या नाहीत. "राहू दे गं. पण मी ती वापस घरात नाही आणणार, प्रस्थान उलटं आणत नसतात. तुम्ही आले की घ्या."

तेराव्यानंतर सोनीभाभी पिशवी घेऊन फाटकापाशी आल्या, आत पाऊल टाकेनात. "मांजी बोली थीं, घर में उल्टा नहीं लाते." मी तिथेच उभ्याउभ्या पिशवी उघडली. इराचा फ्रॉक, नीलची टोपी, सुहासचा रुमाल, माझी ओढणी. सगळ्यांत खाली आईंची निळी सुती साडी होती, घडी घातलेली, आणि तिच्यात गुडघ्यांना बांधायचे पट्टे.

त्या तयार होत्या. शनिवारी दार उघडेपर्यंत, कुणीतरी विचारेल म्हणून त्या तयार होत्या. मी एकदा नुसतं विचारलं असतं तर टब डिक्कीत बसला असता. त्यांनीच बसवला असता.

पिशवी मी घरात आणलेली नाही. ती गाडीत, पुढच्या सीटवर आहे, आणि तिला बेल्ट लावलेला आहे. परवा ऑफिसातल्या एका मैत्रिणीला घरी सोडायचं होतं. तिनं सवयीनं पुढचं दार उघडलं.

"मागे बस," मी म्हटलं. "पुढे जागा नाही."