पाहून सांगतो

माझ्या भाऊजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा, शाळेत भारी दरारा होता. सगळी नोकरी त्यांनी इंग्रजी शिकवण्यात घालवली. मुलं पाठीमागे त्यांना 'फुलस्टॉप' म्हणत, कारण त्यांनी तोंड उघडलं की वाद संपायचा. कुठे 'ही' आणि कुठे 'हिम', 'हू' की 'हूम', वाक्यात आधी कोण आणि मागून कोण, सगळा त्यांच्या हातचा मळ. निवृत्त झाल्यावरही शेजारपाजारचे लोक इंग्रजी अर्ज घेऊन यायचे आणि भाऊजी त्यांना दारातच वाक्य सुधारून वाटेला लावायचे.

मायेचं वाक्य मात्र त्यांना कुठल्याच भाषेत जमलं नाही. माझी भाची, त्यांची एकुलती एक मुलगी, दूरच्या शहरात एका कंपनीत लागली. गिऱ्हाइकांच्या तक्रारींना इंग्रजीत उत्तरं लिहायची, हे तिचं काम. जेवण, ताप, झोप, सगळी चौकशी ताईबरोबर व्हायची. मग ताई हाक मारायची, "अहो, तिला तुम्हाला काहीतरी विचारायचंय." भाऊजी आधी चष्मा लावायचे आणि मग फोन घ्यायचे. बोलायला चष्मा कशाला लागतो, देव जाणे. प्रश्न यायचा, उत्तर जायचं, "बरं बाबा, ठेवते" व्हायचं. त्यानंतर कितीतरी वेळ ते फोन हातात धरून बसायचे.

एकदा मी समोरच होतो. भाचीने विचारलं, "बाबा, इथे 'हू' लिहू की 'हूम'?"

"पाहून सांगतो," भाऊजी म्हणाले. "उद्या कर फोन."

मी चाट पडलो. "भाऊजी, हे तुम्हाला पाहावं लागतं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी परत शाळेतल्या बाकावर जाऊन बसलो. मग नजर वळवून म्हणाले, "उद्या पुन्हा करेल ना ती."

तेव्हापासून हेच सुरू झालं. दुसऱ्या दिवशी स्वारी सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनपाशी हजर. हल्ली असली उत्तरं फोनच देतो, हे मला ठाऊक होतं आणि भाचीलाही असणारच. पण मी मूग गिळून गप्प बसलो. एवढी आस लावून बसलेल्या माणसाला काय सांगणार?

हळूहळू तिचे प्रश्न कमी झाले, मग थांबलेच. भाऊजी शर्ट घालत राहिले. शेवटी ताईने मला स्वयंपाकघरात गाठलं. "ती म्हणते, बाबा विसरायला लागलेत. साधी साधी उत्तरं आठवत नाहीत त्यांना, म्हणून मी त्रास देत नाही." तिला खरं सांगावं, तर भाऊजींची लबाडी उघडी पडणार. आणि भाऊजींना हे सांगायची कुणाची छाती नव्हती.

आणि एक दिवस भाचीच दारात उभी राहिली. आल्या आल्या आईला म्हणाली, "बाबांना अशा अवस्थेत सोडून मी तिकडे राहणार नाही. नोकरी सोडते." बाहेर खुर्चीत बसलेल्या भाऊजींनी ते शब्दन्‌शब्द ऐकलं. मी त्यांच्या शेजारीच होतो. त्यांचा चेहरा एकदा उजळला आणि मग पडला.

जेवताना तिने अगदी सांभाळून, लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "बाबा, 'गिव्ह इट टू हर' बरोबर की 'टू शी'?"

माझा जीव टांगणीला लागला. मनात म्हटलं, म्हणा पाहून सांगतो. पोरगी घरात राहील.

भाऊजींनी चमचा खाली ठेवला. "हर," ते म्हणाले. आणि थांबले नाहीत. तिने आजवर फोनवर विचारलेला एकेक प्रश्न त्यांनी ओळीने म्हणून दाखवला, उत्तरासकट, उदाहरणासकट, वर्गातल्या त्या जुन्या आवाजात. भाची घास हातात धरून ऐकत राहिली.

"सगळं येत होतं, मग पाहून सांगतो का म्हणायचात?"

भाऊजी ताटाकडे बघत म्हणाले, "उत्तर मिळालं की तू फोन ठेवायचीस."

ताईने उगाचच पुन्हा पाणी वाढलं.

नोकरी सोडायचा विषय परत निघाला नाही. सुट्टी संपल्यावर भाची निघाली. आम्ही तिघंही तिला पोचवायला जिन्यापर्यंत आलो. दोन पायऱ्या उतरून ती वळली.

"बाबा, एक अडलंय. 'टॉलर दॅन ही' म्हणायचं की 'टॉलर दॅन हिम'?"

भाऊजींनी तोंड उघडलं. तिने पटकन वर येऊन त्यांचा हात धरला.

"आत्ता नको. पाहून ठेवा. मी उद्या फोन करते."

"पाहून सांगतो," भाऊजी म्हणाले. आणि खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.