टाकीत जागा होती

ही गोष्ट मी नवऱ्यालाही सांगितलेली नाही. सांगायला बसले की उठून पाणी प्यावंसं वाटतं, दार लावलं का ते बघावंसं वाटतं. आत्ताही दोनदा उठले. तुम्ही फक्त ऐका.

मी मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवते. विच्छेदनाच्या हॉलमध्ये मुलांना माणूस आतून कसा असतो ते दाखवायचं, आणि सुट्टीच्या दिवशी भंडारा जिल्ह्यातल्या गावांत जाऊन देहदानावर बोलायचं. बोलते छान — लोक रडतात. आंधळगावच्या सभेत माझे बाबा पहिल्या रांगेत बसले होते. जन्मभर धान पिकवलेला माणूस. घरी आल्यावर म्हणाले, "बाई, मी गेलो की मले जाळू नोको. तुह्या पोरायच्या कामी येऊ दे."

आमचा हॉल कसा आहे तेही सांगायला हवं — तेच तर टाळत होते. हवा बाहेर फेकणारा पंखा बंद. फॉर्मालिनने मुलांचे डोळे चुरचुरतात, एखादी पोरगी खोकत बाहेर पळते. हातमोजे पुरत नाहीत. देह बुडवून ठेवायच्या टाकीत औषध कमी पडतं आणि त्यांच्यावर बुरशी चढते. मी तक्रार केली? केली की! एकदा, चहा पिता पिता, विभागप्रमुख साहेबांच्या कानावर घातलं. ते "बघू" म्हणाले. माझी बढती तोंडावर होती, मग तेरी भी चूप, मेरी भी चूप.

बाबा गेले ते सकाळी. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, कॉलेजले फोन लाव ना. काहून थांबून राहिली?" फोन घेऊन मी मागच्या अंगणात गेले. आणि — लावलाच नाही. नुसता कानाला धरून उभी राहिले. त्या टाकीत बाबा? त्यांच्या अंगावर ती बुरशी? आत येऊन सांगितलं, टाकी भरली आहे, ते नाही म्हणतात. आई म्हणाली, "जाऊ दे, त्यायच्या नशिबात नव्हतं." दुपारी तलावाच्या बांधाजवळ आम्ही त्यांना अग्नी दिला.

टाकीत जागा होती. माणसाने एकच गोष्ट मागितली होती, तीही माझ्यावर विश्वास ठेवून, आणि मी ती खोटं बोलून हिरावून घेतली.

तुम्ही म्हणाल, लेकीचं काळीज. मीही स्वतःला हेच सांगत होते — आठवडाभर. मग सानगडीहून एका म्हाताऱ्यांचा देह आला. माझंच भाषण ऐकून त्यांनी नाव दिलेलं. त्यांचा मुलगा घुटमळत उभा होता. म्हणाला, "मॅडम, इथं बाबाले नीट ठेवतेत ना?"

"अगदी नीट," मी म्हणाले. आवाजही हलला नाही.

तो वाकून माझ्या पाया पडला. मी पडू दिलं.