परत येणारा नारळ

राजोडीच्या किनाऱ्यावरची सुरूची झाडं मागे पडली तरी रचना थांबायला तयार नव्हती. पिशवीतला नारळ चालताना पायावर आपटत होता. शेजारच्या विनयाताई चपला हातात घेऊन मागून येत होत्या. उद्या लग्न आणि नवरी उन्हात वाळू तुडवतेय, असं त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं.

उद्याचंच तर दुखणं होतं. रचनाला आई नाही, म्हणून कन्यादानाला काकूच आईच्या जागी पाटावर बसणार होती.

त्र्याण्णव साली बापानं साताऱ्याहून आणून तिला विरारला काकांकडे ठेवलं. उवा झाल्या म्हणून काकूनं तिचे केस कात्रीनं भादरले. पाहुणे आले की हिचं ताट गॅलरीत. टकली हे नाव काकूच्या मुलीनंच शाळेत नेलं. मग खेळायला कोण घेणार?

त्या नारळी पौर्णिमेला देव्हाऱ्यातला नारळ उचलून ती एकटीच अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर गेली. बोंबील वाळत घालणाऱ्या बायजाला तिनं विचारलं, दर्याकडे मागितलं की मिळतं का? बायजा म्हणाली, नारळ टाकून माग; ठेवून घेतला तर दर्यानं ऐकलं, परत धाडला तर नाय.

काकूची जीभ झडो, एवढंच रचनानं मागितलं. लाटेनं नारळ तिच्याच पायाशी आणून टाकला. बायजानं तो दगडावर फोडला.

"दर्यानं परत दिलेलं एकटीनं नाय खायाचं गो. बस आमच्यात."

पुढे ती पौर्णिमेची वाट बघायची. कधी यायचं ते बायजा सांगायची. नारळ दर वेळी परत. बायका खोबरं वाटून घ्यायच्या, तिच्या वाढत्या केसांना तेल चोळायच्या, बोंबील जोडीनं कसे टांगायचे ते दाखवायच्या. आज पन काकू वाचली गो, म्हणून हसायच्या. तिला बसायला हक्काची जागा मिळाली ती तिथेच.

बायजा गेली, त्यानंतर कधीतरी रचनाच्या डोक्यात प्रकाश पडला. म्हातारी तिला नेमकी भरतीच्या वेळेला बोलवायची. साताऱ्याच्या पोरीला भरती-ओहोटी काय ठाऊक! इतकी वर्षं काकूला वाचवलं ते बायजानं. ती माया कळली, पण काकूवरचा राग तसूभर उतरला नाही.

आज रचना ओहोटीची वेळ स्वतः विचारून त्याच किनाऱ्यावर आली होती. पाणी मागे सरत होतं. विनयाताईंनी गावातल्या देवळाच्या दिशेनं हात जोडले आणि हळू आवाजात सांगितलं, आजच्या दिवशी कुणाचं वाईट मागू नये, बाई.

"उद्या तो पाट रिकामा राहू दे," रचना म्हणाली आणि तिनं नारळ भिरकावला.

नारळ डुलत डुलत आत निघाला. पलीकडे बोंबलांच्या काठ्यांखाली बायका बसल्या होत्या, एकीनं तिला बघून हात केला. रचनानं पाण्याकडे पाठ फिरवली.

"ताई, तुम्ही बघत राहा. गेला तर मला सांगा. परत आला तर सांगू नका, तसाच त्या बायकांना नेऊन द्या."