घासलेल्या पत्र्यावरचा थिनर

तांब्याचा आणि अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा एकावर एक ठेवून रोलरमधून जोरात दाबून काढला, की दोन्हींची मिळून एकच पट्टी होते. विजेच्या जोडण्यांना ती लागते. कोल्हापूरच्या एमआयडीसीतल्या माझ्या लहानशा शेडमध्ये ती पट्टी तीन महिने सुटत होती. जरा वाकवली, की थर वेगळे. दाब वाढवला, पत्रे तापवून घेतले, ब्रश बदलले. काहीच लागू पडेना. घरी जेवतानासुद्धा माझं नख ताटाची कड उचकटत राहायचं.

रोलरवर गडमुडशिंगीचे एक मिस्त्री होते, माझ्या वडिलांच्या वयाचे. धुतलेला पत्रा ते तारेच्या ब्रशनं घासायचे. त्यानंतर तो थिनरच्या फडक्यानं पुन्हा पुसायचाच, हा माझा नियम.

"मालक, घासला की लगीच रोलरात घालूया की," ते दोनदा म्हणाले होते. धूळ राहील म्हणून मी ऐकलं नाही.

गिऱ्हाइकानं तिसऱ्यांदा माल परत पाठवला, त्या दुपारी मी सगळ्या कामगारांसमोर त्यांच्यावर ओरडलो, "तुमचे हातच तेलकट! तुमच्यामुळंच सुटतंय सगळं."

मिस्त्रींनी आपले तळवे उलटसुलट करून बघितले. "आसंल," एवढंच म्हणाले आणि डबा उचलून गेले. पुन्हा आले नाहीत.

मग हातमोजे घालून मीच घासायला-पुसायला लागलो. तरी पट्टी सुटतच होती. चौथ्या दिवशी थिनर संपला. आणायला जायचंही त्राण नव्हतं. घासलेले पत्रे तसेच रोलरमध्ये घातले. ती पट्टी वाकवली, पिळली, पक्कडीनं ओढली. अ‍ॅल्युमिनियम फाटलं, पण सांधा सुटला नाही. थिनरच्या त्याच त्या फडक्यात साठलेला तेलाचा अंश मीच इतके दिवस ताज्या घासलेल्या पत्र्यावर पसरवत होतो. मशीन बंद करून मी स्टुलावर बसलो आणि रडलो.

संध्याकाळी गडमुडशिंगीला गेलो. मिस्त्री म्हशीला वैरण घालत होते. सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी पट्टी निरखून बघितली.

"झ्याक झालीया की."

"उद्या येताय न्हवं?"

"न्हाय. समद्यांम्होरं बोलला तुम्ही. आता तितं माझा हात चालायचा न्हाय."

त्यांच्या बायकोनं चहा दिला. तो कसाबसा प्यालो.

पुढचा माल गिऱ्हाइकानं ठेवून घेतला. चूक कुणाची होती, हे कामगारांना सांगायला मात्र मला आणखी आठवडा लागला.