सगळ्या फायलींचं नाव ‘आई’

आमच्या इंदुमती मॅडमची पहिली ओळख झाली तीच मुळी धक्का खाऊन. तालुक्याच्या शिक्षक प्रशिक्षणात मी लेकरांसाठी कॉम्प्युटरवर केलेला चित्रशब्दांचा खेळ मोठ्या ऐटीत त्यांच्यापुढे ठेवला. मॅडम तिथं आम्हां शिक्षकांना शिकवायला आलेल्या. मॅडमनी खेळ उघडलाच नाही. फोल्डर उघडलं. ‘नवीन’, ‘नवीन नवीन’, ‘फायनल’, ‘खरंच फायनल’ अशी नावं त्या मोठ्यानं वाचत गेल्या आणि भर सभेत म्हणाल्या, “सर, घरी लेकरांची नावं बी अशीच ठेवलीत का?” अहो, मी जागच्या जागी गार!

मॅडम यंदा साठ वर्षांच्या होत आहेत, यावर माझा विश्वास बसत नाही. त्यांचा दरारा अजून तसाच आहे. “फाइलीत जे आहे तेच नावात पाहिजे. नावात खोटं चालणार नाही,” हा त्यांचा नियम. एका चित्राला मी ‘रुमाल’ नाव दिलं, तर त्यांनी ते खोडायला लावलं. “आपली लेकरं दस्ती म्हणतात ना? मग दस्तीच लिहा.” पुस्तकातला शब्द पुढं शिकवता येतो, आधी लेकराला आपला शब्द सापडू द्या, असं त्या सांगत.

दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या आयांचे आवाज खेळात घ्यायचे, ही कल्पना त्यांचीच. मागे आजीपाशी राहणाऱ्या लेकरानं पडद्यावर आपल्या फोटोला बोट लावायचं, की त्याची आई बोलणार, एखादी वस्तू विचारणार, आणि लेकरानं ती शोधायची. मॅडमनी गावोगाव जाऊन स्वतःच्या फोनवर आवाज घेतले. प्रत्येक लेकराचं वेगळं फोल्डर केलं. आत त्याचा फोटो आणि एक फाइल. नियमाप्रमाणे फाइलीचं नाव जे आत आहे तेच, ‘आई’. फोटोला बोट लागलं की खेळ ‘आई’ नावाची फाइल वाजवायचा.

ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या. मॅडमनी सगळ्या गावांचा एक संच करायला घेतला आणि सगळे आवाज उचलून एकाच फोल्डरमध्ये टाकले. कॉम्प्युटरनं विचारलं, या नावाची फाइल आधीच आहे, बदलायची का? मॅडम घाईत होत्या. त्यांनी ‘हो, सगळ्या’ दाबलं.

आमच्या ताडकळसच्या शाळेत संच उघडला तेव्हा मी शेजारीच होतो. पहिल्या लेकरानं फोटोला बोट लावलं. “जेवलीस का माय? तुजी दस्ती कुठाय, दाव बरं.” दुसऱ्यानं लावलं, तोच आवाज. तिसऱ्यानं लावलं, तोच! “ही माजी आई न्हाई!” म्हणून एक पोरगी रडायलाच लागली. एका आईवर दुसरी, दुसरीवर तिसरी असं करत सगळ्या पुसल्या गेल्या होत्या आणि उरली होती फक्त चुडावा गावची एक बाई. मॅडमच्या फोनमधलेही आवाज जागा नाही म्हणून काढून टाकलेले. आता मॅडम आम्हांला झापणार असं वाटलं, पण त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, “माझ्या हातनं झालं. मीच ‘हो’ म्हणलं.”

आणि त्या गोंधळात कावेरी एकटी शांत बसून पुन्हा पुन्हा आपल्या फोटोला बोट लावत होती. कावेरीला आई नाही. पोरीच्या बाळपणीच वारली. तिच्या फोल्डरमध्ये नुसता फोटो होता. तिचं काय करायचं ते मॅडमना सुचलं नव्हतं. पोरीनं वर पाहिलं आणि म्हणाली, “मॅडम, माजी बी आई बोलायली!”

देवा रे! मॅडमना मी पहिल्यांदा भिंतीला टेकलेलं पाहिलं.

पुढं त्यांनी फोन करकरून आवाज परत मिळवले. ज्यांचे फोन लागले नाहीत त्यांच्यासाठी एसटीनं गंगाखेडकडं जाऊन उसातल्या कोप्या, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपड्या, धुंडाळल्या. आता प्रत्येक फाइलीला गावाचं आणि लेकराचं नाव लागलं. ज्याची आई त्याला मिळाली. कावेरीचा फोटो मात्र पुन्हा मुका होणार होता.

मॅडमनी माझ्यासमोरच चुडाव्याच्या त्या बाईंना फोन लावला, सगळं सांगितलं. पलीकडून आवाज आला, “राहू द्या की मॅडम. एका लेकराला जेवलीस का म्हणलं तर माजं काय जायलंय?”

मॅडमनी त्या फाइलीची आणखी एक प्रत केली आणि नाव टाईप केलं, ‘ताडकळस_कावेरी_आई’. मी थक्क झालो. “मॅडम, नावात खोटं चालत नाही ना?”

“खोटं कुठाय?” त्या म्हणाल्या. “पोरीला विचारा.”

मॅडमना निरोगी, भरपूर आयुष्य मिळो, आम्हांला झापायला त्यांच्या आवाजात अशीच धार राहो. आणि हा संच पुढं ज्याच्या हाती जाईल त्याला हात जोडून विनंती: त्या एका फाइलीपाशी कॉम्प्युटरनं कधी विचारलं, बदलायची का, तर ‘नाही’ म्हणा.