उत्तरासाठी सोडलेले चार सेकंद

आधीच सांगते, मी केमिस्ट्रीची टीचर. भूतबित म्हटलं की आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांत आधी हसणारी मीच. देवनागरी मी पन्नाशीनंतर फोनवर शिकले, तेव्हा लिहिण्यातल्या चुका पदरात घ्या.

तंजावूरहून पापनाशमच्या शाळेत मी रोज गाडीने जाते. बारावीचे जादा तास साडेसहाला, म्हणून साडेपाचला निघते. त्या वेळी रेडिओवर शाळेच्या मुलांसाठी तमिळमधून सायन्सचे धडे लागतात. बाई प्रश्न विचारतात, मुलांनी घरी उत्तर द्यावं म्हणून चार सेकंद थांबतात, मग उत्तर सांगतात. मला ते ऐकायला फार आवडतं... रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना भात, आणि आयुष्यभर शिकवणारीला कुणीतरी शिकवतंय.

माझे मोठे भाऊ, अण्णा, कोर्टातून रिटायर झाल्यावर रोज माझ्यासोबत यायचे. पापनाशमला कॉफी प्यायची आणि बसने परत जायचं, बाकी काम काही नाही. आमचं घरचं तंजावरी मराठी बोलायला आम्हा दोघांना एकमेकांशिवाय कोणी उरलं नव्हतं. माझे मिस्टर तमिळ. मुलगा कार्तिक, त्याला मराठी सगळं कळतं, पण उत्तर तमिळमध्येच. अण्णांना सायन्सचा गंध नाही, तरी त्या चार सेकंदांत उत्तर ठोकून द्यायचेच — आणि ते हमखास चूक. मग आमचा वाद थेट पापनाशमपर्यंत चालायचा.

गेल्या आडी महिन्यात, जुलैच्या शेवटी, अण्णा गेले. त्यानंतर माझ्या तोंडून मराठी शब्द निघाला नाही. बोलणार कोणाशी?

ही गोष्ट मार्गळी महिन्यातली, डिसेंबरच्या थंडीतली. धुकं होतं, काचा बंद, गाडीत मी एकटी. अय्यमपेट्टै मागे पडलं होतं. बाईंनी विचारलं, हवेत सर्वांत जास्त कोणता वायू असतो? आणि थांबल्या. तेवढ्यात स्पीकरमधून आधी खाकरणं ऐकू आलं, मग अण्णांचा आवाज.

"ऑक्सिजनच की, कमू. अजून काय असणार मणतीस?"

"चुकलं, अण्णा. नायट्रोजन," मी सवयीने बोलून गेले. मग बाईंनीही नायट्रोजन सांगितलं, तेव्हा कुठे मी भानावर आले. गाडी कडेला घेतली. खरं सांगते, भीती वाटलीच नाही. धडा संपेपर्यंत मी रेडिओला विनवत होते, अजून एक शब्द बोला म्हणून. पुढच्या प्रश्नांना कोणी बोललं नाही.

तोच धडा नंतर रेडिओच्या ॲपवर सहा वेळा ऐकला. तिथे चार सेकंद रिकामे आहेत.

पोंगलसाठी कार्तिक दोन दिवस आधीच बेंगळुरूहून आला, त्याला सांगितलं. वाटलं होतं, थट्टा करेल. दुसऱ्या दिवशी तो पहाटे गाडीत माझ्या शेजारी येऊन बसला. बाईंनी विचारलं, हिरा कोणत्या मूलद्रव्याचा असतो? मी रेडिओचा आवाज वाढवला. रेडिओ गप्प. मग कार्तिकच अडखळत बोलला, जन्मात पहिल्यांदा आमच्या मराठीत.

"कार्बन मणून वाटतं, अम्मा... बरोबर की?"

मी त्याचा हात धरला आणि रडले. तो आवाज कुठून आला, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही, कुणाकडे असेल तर जरूर सांगा. कार्तिकचं उत्तर अगदी बरोबर होतं. पण मी चुकलेल्या उत्तराची वाट बघत होते... अजून बघते.